पूर्वेकडे तोंड केलेली गाडी

आमच्या सेल्स मॅनेजरला अणुबाँब सापडला तो मोबाइलवर, सकाळचे पोहे खाताना. त्याच दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला आणि मोबाइलवरची अणुचाचणीची जुनी फिल्म माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "मॅडम, हे बघा. आपल्या प्रेझेंटेशनमध्ये हेच टाकायचं. पब्लिक येडं होईल."

पब्लिकची गोष्ट सोडा, येडं व्हायला त्याच्यापासूनच सुरुवात झाली होती.

आमचा कारखाना कुवेतमध्ये शुवैखला, गॅरेजांच्या गल्ल्यांच्या मागे. ट्रकची उघडी चॅसी आणायची आणि तिच्यावर गिऱ्हाइकाला हवी ती बॉडी चढवायची, असा धंदा. पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, कामगारांच्या बस. मी तिथली डिझाइन इंजिनिअर. त्या गल्ल्यांत अंगावर तेलाचे डाग पाडून घेणारी बाई मी एकटीच, त्यामुळे पहिली काही वर्षं मला बघितलं की लोक आदबीने अकाउंट्सचा दरवाजा दाखवायचे. मी मूळची नगरची. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि शाळेच्या सहली दुसरीकडे कुठे नेण्याची ऐपत आमच्या शाळेला नव्हती, त्यामुळे लोखंडाचं वजन म्हणजे काय हे मला लहानपणीच हात लावून कळलं होतं. मॅनेजर पुण्याचा. त्याने लोखंड पाहिलं होतं ते माहितीपत्रकात.

त्या वर्षी वाळवंटातल्या एका गॅस प्लांटच्या ठेकेदाराला खास गाड्या हव्या होत्या. प्लांटच्या कुंपणालगत पहारेकऱ्यांना नेण्या-आणण्यासाठी. गॅस गळून भडका उडाला तर आतली माणसं वाचली पाहिजेत, अशी त्यांची अट. अट सरळ होती. मी ड्रॉइंग केलं: बसकी, रुंद, वजन सगळं खाली. ते ड्रॉइंग मॅनेजरने पाहिलं आणि नाक मुरडलं.

"मॅडम, ही बेडकासारखी दिसते. गाडी उंच हवी. उंच गाडी मजबूत वाटते."

"वाटते," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

मग छत उंच झालं, जाड पत्रा पार वरपर्यंत गेला आणि चॅसी घेतली ती गोदामात पडलेली अरुंद, कारण ती पडलेली होती. मी लेखी विरोध केला. लेखी विरोधाचं आमच्याकडे काय होतं हे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला सांगायला नको. तयार झालेली गाडी म्हणजे बारक्या पायांवर उभं केलेलं कपाट होतं, आणि मॅनेजर तिच्याभोवती फिरून फिरून फोटो काढत होता.

मॅनेजरने दाखवलेल्या त्या फिल्म मात्र मी घरी नेऊन नीट पाहिल्या. मिरकाबच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीत, लॅपटॉप मांडीवर घेऊन. अणुबाँबच्या चाचण्यांच्या जुन्या फिल्म आता कुणालाही बघायला मिळतात. कोणे एके काळी त्या बघितल्याबद्दल माणूस तुरुंगात गेला असता, आज त्या बघत लोक पोहे खातात.

फिल्ममध्ये एक वाळवंट असतं. त्यात लष्करी गाड्या मांडून ठेवलेल्या असतात. जीप, ट्रक, रणगाडे, तोफ ओढणाऱ्या गाड्या. काही जवळ, काही लांब. काहींचं तोंड स्फोटाकडे, काहींची कूस, काही जमिनीत खणलेल्या चरांत. आधी उजेड येतो. एवढा उजेड की चित्र पांढरंफटक होतं, आणि त्या उजेडानेच ट्रकचा रंग धुमसायला लागतो, ताडपत्रीतून धूर निघतो. मग थोडा वेळ काहीच घडत नाही. हा थोडा वेळ फार वाईट असतो. मग जमिनीवरून धुळीची एक भिंत पळत येते आणि गाडीवर आदळते.

पहिला तडाखा दाबाचा. तो गाडीला चहूबाजूंनी आवळतो. आत पोकळ असलेलं जे जे काही, ते ते चेपतं: दारं आत जातात, बॉनेट उघडून उडतं, काचांचा चुरा होतो. हे सगळे बघतात. पण गाडीचा खरा निकाल लावतो तो मागोमाग येणारा वारा. दाबाने चेपलेली गाडी हातोडा घेऊन सरळ करता येते. वाऱ्याने उचलून लोळवलेली गाडी भंगारात जाते. एक जीप मी पुन्हा पुन्हा पाहिली. ती आधी जरा शहारते, मग तिची वाऱ्याकडची चाकं सुटतात आणि मग ती कोलांट्या घेत चित्राबाहेर जाते. कॅमेरा तिच्यामागे जात नाही.

तिच्याशेजारचे दोन ट्रक अगदी एकसारखे होते. त्याच अंतरावर, त्याच वजनाचे. एकाचं तोंड स्फोटाकडे होतं, तो मागे ढकलला गेला, काच गेली, पण उभा राहिला. दुसऱ्याची कूस स्फोटाकडे होती, तो लोळला. चरात ठेवलेल्या गाडीवरून वारा नुसता निघून गेला. रणगाड्याचं म्हणाल तर एरियल मोडली, मडगार्ड गेले, बाहेर टांगलेल्या पेट्या उडाल्या, आणि तो चार पावलं सरकून तिथेच बसला. वजन होतं आणि बसका होता. त्या लोकांनी एवढी उठाठेव करून जे शोधून काढलं, ते आमच्या गोदामात सामान रचणाऱ्यांनाही ठाऊक होतं: उंच, अरुंद वस्तूला रुंद बाजूने ढकललं की ती पडते.

माझं डोकं उठलं ते निवेदकाच्या आवाजाने. असा प्रसन्न आवाज! लग्नाच्या जेवणावळीत आग्रह करणाऱ्याचा असतो तसा. त्यांच्याकडे नुकसानीच्या तीन पायऱ्या होत्या. गाडी स्वतः चालत परत जाऊ शकली तर नुकसान किरकोळ. वर्कशॉपमध्ये नेऊन दुरुस्त झाली तर मध्यम. नाहीच झाली तर गंभीर. बस्स. चालवणाऱ्याचं काय झालं याला पायरीच नाही. काही गाड्यांत पुतळे बसवलेले होते, काही ठिकाणी मुकी जनावरं बांधली होती, आणि निवेदक त्यांच्यावरून असा निघून जायचा जसा वारा त्या चरावरून. माझी लेक शेजारी येऊन बसली, थोडा वेळ बघत राहिली आणि तिच्या नेहमीच्या इंग्रजीत विचारती झाली, की यात ड्रायव्हर कुठे आहेत? तेरा वर्षांच्या मुलीला पडलेला प्रश्न त्या अख्ख्या लष्कराला पडला नव्हता.

आता कुणी म्हणेल, कुठे अणुबाँब आणि कुठे गॅस प्लांट. पण इथेच गोम आहे. साधा सुरुंग म्हणजे चापट. कानाखाली बसते आणि संपते. अणुस्फोटाची लाट म्हणजे रेटा, ती ढकलत राहते. आणि मोठ्या जागेत पसरलेल्या गॅसचा भडकाही रेटाच देतो, त्याच्यापेक्षा कितीतरी लहान, पण जात तीच. म्हणून तर तेलवाले इंजिनिअर त्या जुन्या चाचण्यांचे निष्कर्ष अजून उकरत बसतात. मॅनेजरने फिल्म दाखवली ती योग्यच होती. त्याने ती पाहिली नव्हती, एवढंच.

त्या गाडीबरोबर जाणार होता आमचा ड्रायव्हर. श्रीवर्धनकडचा, पन्नाशीचा, माझ्या कितीतरी आधी कुवेतला आलेला. मी त्याला भाई म्हणायची, तो मला ताई. वर्षानुवर्षं त्याने जहऱ्याकडे पाण्याचा टँकर नेला होता, एसी नसलेला, गिअर बदलताना खांदा उतरेल असा. गुडघे गेले होते. आता ठेकेदाराला गाडीसोबत आमचाच ड्रायव्हर हवा होता आणि मालकांनी याचं नाव काढलं होतं. एसी, मऊ सीट, एकच ठरलेला रस्ता. त्याने ही बातमी घरी कळवली होती, बायकोने मोहल्ल्यात वाटलीही होती. त्या कपाटात, त्या कुंपणालगत, रोज बसणार होता तो माणूस. मॅनेजर नव्हे, मी नव्हे, निवेदक तर नव्हेच. तो.

ठेकेदाराने चाचणी मागितली होती. ती घ्यायला बाहेरची एक चाचणीवाली पार्टी ठरली, गोरे लोक, कामात चोख. जहऱ्याच्या पलीकडे उघड्या माळावर त्यांनी प्लॅस्टिकचा एक लांबलचक तंबू उभा केला. आत लोखंडी पाइपांचं जंगल, कारण मोकळ्या जागेत गॅस नुसता भपकन जळून जातो, पाइपांच्या अडथळ्यांतून पळाला तरच त्याला जोर चढतो. तंबूत गॅस भरायचा, ठिणगी द्यायची, समोर गाडी. मी लेखी कळवलं होतं की गाडीची कूस तंबूकडे हवी. हे मी आमच्या लोकांना तोंडीही सांगितलं, बोट दाखवूनही सांगितलं.

पण आठवडा होता दसऱ्याचा.

आमच्या वर्कशॉपमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. लेथपासून वेल्डिंगच्या सेटपर्यंत सगळ्यांना झेंडूचं एकेक फूल मिळतं. मालकांची हरकत नसते, फक्त शटर खाली ओढायचं आणि गाजावाजा करायचा नाही. मीही करते पूजा. हत्याराला वर्षातून एकदा हात जोडले तर माझं काही बिघडत नाही. पण मॅनेजरला वर्कशॉपमधली पूजा पुरली नाही. त्याला चाचणीच्या जागी, चाचणीच्या सकाळी, मुहूर्तावर पूजा हवी होती. पुण्याहून गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की वाहनाचं तोंड पूर्वेला हवं.

तंबू पूर्वेलाच होता.

मी त्या सकाळी ठेकेदाराच्या माणसांना घेऊन मागून येत होते, माझ्याच गाडीतून, त्यांच्या प्रवेशपासांचं काम उरकत. तोवर माळावर हे नाटक झालं. भाईने मला नंतर सांगितलं. मॅनेजरने त्याला गाडी पूर्वेकडे तोंड करून लावायला सांगितली. बॉनेटच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, स्वस्तिक काढलं. सामानाच्या शेडमागे नारळ फोडला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि भाईला म्हणाला, आता पुढे घ्या. भाईने लिंबं चिरडून गाडी हातभर पुढे घेतली. "आमच्याकडे लिंबू माशाला लावतात," तो मला सांगताना म्हणाला, "म्हटला, इथं टायराला, तर टायराला." पुढे सेन्सरच्या तारांचा चर होता. गाडी आडवी करायची तर आधी मागे घ्यायला हवी होती. भाईने मागे घेण्यासाठी गिअर टाकला आणि मॅनेजर किंचाळला.

पूजा झालेली गाडी मागे घ्यायची नाही! अपशकुन होतो.

चाचणीवाल्यांपैकी एकाने येऊन विचारलं, गाडी अशीच राहणार? मॅनेजरने छाती काढून सांगितलं, हो, अशीच. त्यांच्या दृष्टीने गाडी आमची, दिशा आमची. त्यांनी खांदे उडवले आणि गॅस सोडायला सुरुवात केली. मी पोचले तेव्हा तंबू फुगत होता आणि जवळ जायला मनाई झाली होती. लांबून मला दिसलं: माझी गाडी, अख्ख्या माळावर जी एकमेव दिशा तिला वाचवू शकली असती, बरोब्बर त्याच दिशेला तोंड करून उभी.

"अहो, ही सरळ आहे," मी मॅनेजरला म्हणाले. "कूस कुठाय?"

"मॅडम, प्लीज. आता नकारात्मक बोलू नका."

भपका झाला. छातीत धक्का बसला, कानात दडे बसले. धूळ खाली आली तेव्हा गाडी थोडी मागे सरकलेली, पुढची काच जाळीदार, बॉनेट चेपलेलं, पण चार चाकांवर उभी होती. टाळ्या! मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी. मला वाटतं त्याने मनातल्या मनात गुरुजींना दक्षिणाही वाढवली असावी. मागे घ्यायची नाही म्हणून जपलेली गाडी भपक्याने स्वतःच मागे नेऊन ठेवली होती, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

आठवडाभरात रंगीत पत्रक छापून आलं. पार्श्वभूमीला तो अणुस्फोटाचा ढग आणि पुढे आमचं कपाट, जणू त्या ढगातूनच हसत बाहेर आलंय. गाडी ठेकेदाराच्या ताब्यात द्यायच्या कागदावर डिझाइन इंजिनिअरची सही तेवढी राहिली होती. ती मी करेना.

मॅनेजरने आधी गोड बोलून पाहिलं. मग म्हणाला, मॅडम, आपण महाराष्ट्रीयन लोकच एकमेकांचे पाय ओढतो. हे वाक्य परदेशात फार चालतं. काम चोख करायला सांगितलं की पाय ओढले. मंडळाच्या गणपतीत माइक चालत नाही म्हटलं तरी पाय ओढले. मी त्याला म्हणाले, पाय ओढत नाहीये, गाडी आडवी करा म्हणतेय. त्याने ते दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसात वेगळंच करून सांगितलं, की मॅडमना श्रेय मिळालं नाही म्हणून त्या रुसल्यात.

पण मला लागलं ते भाईचं. तो वर्कशॉपच्या दारात उभा होता, नवा युनिफॉर्म घालून.

"ताई, तुमी सही का नाय करत? मना एक गाडी बरी मिळत होती."

"भाई, ती गाडी बरी नाहीये."

"उभी राहिली ना? माझ्या डोळ्यांनी बगितला मी."

"तोंड समोर होतं म्हणून राहिली."

"तुमचा आनि म्यानेजरचा भांडान हाय," तो खाली बघत म्हणाला. "त्याच्यात माझा जातंय."

मला राग आला. त्याचा नव्हे. मी त्याला त्याच्या बाजूची वाटावं अशी माझी इच्छा होती आणि त्याला मी एक गाडी हिसकावणारी बाई वाटत होते, त्याचा राग. मी त्याला आत बोलावून ते दोन ट्रक दाखवले. सरळ ठेवलेला आणि आडवा ठेवलेला. त्याने शांतपणे पाहिलं. आडवा ट्रक लोळला तेव्हा त्याने फक्त एवढं विचारलं, "पन ह्यो तर बाँब. आपल्याकडं कुठाय बाँब?" मग चहा घेऊन निघून गेला. मी चारदा समजावलं असतं तरी तो तेच म्हणाला असता. नवी गाडी मिळणाऱ्या माणसाला तिच्यातलं वाईट दाखवणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी ठेकेदाराच्या प्लांटवर गेले. कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेने गाड्या लावायच्या पिवळ्या पट्ट्या मारलेल्या होत्या. सगळ्या रस्त्याला समांतर, म्हणजेच कुंपणाला समांतर. तिथे उभी राहणारी प्रत्येक गाडी प्लांटला कूसच दाखवणार होती. पहाटे, दुपारी, रोज. पूर्वेला तोंड करायचा तिथे प्रश्नच नव्हता. मी फोटो काढला आणि थेट मालकांकडे गेले.

आमचे मालक कुवेती, वयस्कर, सगळे त्यांना मुदीर म्हणतात. चांगला माणूस, पण त्याला मान वर करून बघायला लावावं लागतं. "मॅडम, गाडी पास. सही माफी. लेश?" म्हणाले. गाडी पास झाली, सही नाही, का?

बोलून काही होणार नव्हतं. त्यांच्या टेबलावर टिश्यूचा खोका होता, इथल्या प्रत्येक टेबलावर असतो तसा. मी तो उभा केला, अरुंद बाजू माझ्याकडे ठेवून तळहाताने रेटला. सरकला. मग रुंद बाजू माझ्याकडे केली आणि तसाच रेटला. तो धाडकन पडला, त्यांच्या चहाच्या पेल्यावर. मी मोबाइलवर पिवळ्या पट्ट्या दाखवल्या.

त्यांनी खोका उचलून पुन्हा उभा केला. मॅनेजर तिथेच बसलेला होता, तो मध्येच म्हणाला, सर, टिश्यू बॉक्स आणि आर्मर्ड व्हेइकल यांची तुलना करणं हे जरा...

"गाडीच्या दरवाजावर नाव कुणाचं लिहिलंय?" मी मुदीरांना विचारलं.

"माझं."

"मग एकदा आडवी उभी करा. मॅनेजरसाहेबांचा विश्वास आहे तर ते आत बसतील."

मॅनेजरने आपल्या पाठीच्या दुखण्याबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली. मुदीर हसले नाहीत. "खलास," म्हणाले, म्हणजे विषय संपला. "पुन्हा टेस्ट."

दुसऱ्या चाचणीला माळावर तोच तंबू, तेच पाइप. गाडी दुरुस्त करून आणली होती. मॅनेजरच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून झेंडू डोकावत होता. मुदीरांनी पिशवीकडे नुसतं बघितलं, पिशवी परत त्याच्या गाडीत गेली. या वेळी मी पहाटेच पोचले होते आणि स्वतः उभी राहून भाईकडून गाडी आडवी लावून घेतली. तो हसत होता. त्याला वाटत होतं आजही काही होणार नाही आणि उद्यापासून ताईचं तोंड बंद.

चाचणीवाल्यांनी या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर पुतळा बसवला. त्याला कपडे हवे होते, म्हणजे काच कुठे कुठे घुसते ते कळतं. कपडे आणायला कुणालाच सुचलं नव्हतं. भाई म्हणाला, माझा जुना शर्ट हाय गाडीत, तो घ्या. टँकरवर घालायचा तो, बाह्यांना ग्रीस लागलेला. त्यानेच पुतळ्याला शर्ट चढवला, बटणं लावली, पट्टा आवळला. वर पुतळ्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "सांभाळून जा रं."

या भपक्याला मी डोळे मिटले नाहीत. धूळ आली, आणि धुळीत ते कपाट आधी जरासं कलल्यासारखं वाटलं, मग त्याची तंबूकडची चाकं जमिनीवरून उचलली गेली, क्षणभर ते ठरवू शकत नव्हतं, आणि मग ते पलीकडच्या कुशीवर आपटलं. तो आवाज भपक्याच्या आवाजाहून वाईट होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. माझं बरोबर निघालं होतं. पण आनंद झाला नाही.

चाचणीवाल्यांनी जवळ जायला मंजुरी दिल्यावर क्रेनने गाडी उभी केली. आणि आता सांगते ते कुणाला खरं वाटणार नाही. माझी बॉडी खरंच मजबूत होती. पत्रा फाटला नव्हता, सांधे उकलले नव्हते, काच गेली होती आणि एका बाजूचा रंग खरवडला होता. मॅनेजरने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"बघितलंत?" तो मुदीरांकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता, खरोखर उजळला होता. "सर, स्टार्ट! सेल्फ-ड्राइव्ह कंडिशन! इंटरनॅशनल स्टँडर्डप्रमाणे हे किरकोळ नुकसान धरतात."

मी नगरची आहे, तोंडात शिव्या येतात. त्या दिवशी एकही आली नाही. एवढ्या मूर्खपणाला पुरेल अशी शिवी आमच्याकडेही नाही.

भाई मात्र गाडीच्या दारापाशी गेला होता. दार चेपलं नव्हतं, त्याने ओढल्यावर सहज उघडलं. पुतळा पट्ट्यात अडकून आडवा लोंबकळत होता. मान खांद्यावर, जिथे मान पोचत नाही अशा जागी. ग्रीस लागलेल्या शर्टात छातीपासून पोटापर्यंत काचा रुतलेल्या, आणि वरची दोन बटणं अजून लावलेलीच. भाई आत वाकला. मग त्याने पुतळ्याची मान दोन्ही हातांनी धरून हळूच सरळ केली. सोडली की ती पुन्हा पडायची. त्याने ती तीनदा सरळ केली.

"चला, चला," मॅनेजर टाळी वाजवत त्याच्यापाशी गेला. "तो डमी काढा बाहेर आणि बसा आत. सरांना एक चक्कर मारून दाखवा. गाडी एकदम ठीक आहे."

भाईने किल्लीला हात लावला नाही. पुतळ्याच्या शर्टाचं वरचं बटण काढत, मागे न बघता तो म्हणाला, "गाडी ठीकच हाय वो, साहेब. मेलाय तो मी हाय."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला, जणू हे कुठल्या परक्या भाषेत होतं आणि मी त्याला ते समजावून सांगावं. मी पुढे झाले आणि खालची बटणं काढायला लागले.